तिसरी किल्ली
“ताई, दोन्ही बाजूंनी किल्लीच लागेल असं कुलूप द्या,” तो माझ्या दुकानाच्या काउंटरशी येत म्हणाला. मागे त्याची बायको कमरेला चितेंगेचं रंगीत कापड गुंडाळून उभी होती. आमच्या किट्वे शहरातले चोर दाराची काच फोडून आत हात घालतात, कडी काढतात. हे कुलूप आतूनही किल्लीशिवाय उघडत नाही, म्हणून खपतं. मी सवयीनं विचारलं, “काच केवढी आहे?” “काच नाहीये,” बायको पुटपुटली. “अख्खं लोखंडी दार आहे.” “तुला कुणी विचारलं गं?” तो खेकसला. हे कुलूप चोरासाठी नव्हतंच. नाही म्हटलं असतं तर त्यानं शेजारच्या दुकानातून घेतलं असतं. मी पाठ फिरवून खोक्यातली एक किल्ली काढली आणि पिशवी बायकोच्या हातात देताना तिच्या मुठीत सरकवली. त्यानं पायरीवरच किल्ल्या मोजल्या. “दोनच? खोक्यावर तीन छापलंय.” “छापायला काय जातंय? येतात दोनच.” त्याच्यामागे ती चितेंगेच्या टोकाला घट्ट गाठ मारत होती.