घाटमाथ्यावरचा नारळ

"नारळ नाई आणला मी," रंभा म्हणाली. "मंग काऊन थांबले, भाऊजी?"

ट्रक घाटमाथ्यावर पुरता उभा राहिल्यावर गोविंदाने गिअरच्या बाजूचा छोटा दांडा मुठीत धरून ओढला. खाली कुठेतरी लोखंडात लोखंड बसल्याचा आवाज झाला. मग पहिला गिअर टाकून त्याने ट्रक उताराला लावला. मागे आज सागाचे ओंडके नव्हते. विधवा भावजयीची, रंभाची, पेटी तेवढी होती; गाठोडं तिने मांडीवर घेतलं होतं. तो तिला कुरखेड्याला, तिच्या माहेरी सोडायला निघाला होता. कायमची.

लाकडाच्या ठेकेदाराने त्या साली, एकोणीसशे अठ्ठावन्नमध्ये, चारही चाकं ओढणारे दोन डिझेल ट्रक आणले होते. एक गोविंदाचा मोठा भाऊ मनसाराम चालवायचा. घाट उतरण्याआधी मोहाच्या झाडाखालच्या शेंदऱ्या देवाला नारळ द्यायचा हा रिवाज बैलगाड्यांच्या काळापासूनचा. नारळ रंभा सकाळी डब्यासोबत द्यायची. ट्रक थांबला की क्लीनर म्हणून गोविंदा उतरायचा, नारळ फोडायचा आणि प्रसाद घेऊन परत यायचा. दोन महिन्यांपूर्वी एका दिवशी रंभाची पाळी होती, ती बाहेर बसली होती आणि नारळ द्यायचं सासूच्याही ध्यानात राहिलं नाही. त्या दिवशी भरलेला ट्रक घाटात सुटला. गोविंदा उडी मारून वाचला. मनसाराम ओंडक्यांखाली गेला. दुरुस्त होऊन तोच ट्रक आता गोविंदाच्या हाती आला होता.

दोष द्यायला माणूस लागतो, आणि घरात बाहेरून आलेली तीच एक होती. हिच्या नारळावाचून देव कोपला, असं सासू म्हणाली. मग गाव म्हणालं. दोन महिन्यांनी रंभाही तसंच म्हणू लागली. निघताना तिने सासूच्या पायाला हात लावला तेव्हा सासूने पाय मागे घेतले. गोविंदा तिथेच उभा होता. त्याला काही वाटलं नाही. भावाला सरणावर ठेवलं तेव्हापासून त्याला काहीच वाटत नव्हतं. जेवण आलं की जेवायचं, सांगतील ते काम करायचं.

ट्रक मुंगीच्या पावलाने उतरत होता. इंजिन एका सुरात गुरगुरत होतं. रंभाचं लक्ष गोविंदाच्या पायांकडे गेलं.

"ब्रेकवर पाय नाई तुमचा."

"लागत नाई. हा दांडा टाकला का इंजिनच गाडीले धरून ठेवते. कितीबी उतार असो."

रंभाने दांड्याकडे पाहिलं.

"मंग त्या दिवशी काऊन नाई धरलं?"

"गाडी उभी असली तरच हा पडते, वैनी. चालत्या गाडीत पडत नाई. मी नारळ फोडाले उतरलो का दादा इथी बसून हा टाकून घेत होता. माही पाठ राहे, मले कधी दिसलंच नाई. मांगच्या हप्त्यात चैतू मिस्त्रीनं गाडी शिकवताना सांगतलं, तवा समजलं."

त्या दिवशी अर्ध्या घाटात मनसाराम एका हाताने हाच दांडा ओढत होता. दांडा खडखडत होता, बसत नव्हता. ब्रेकचा जळका वास येत होता. भावाचं डोकं फिरलं, असं गोविंदाला वाटलं होतं. मग त्याने उडी मारली.

"म्हंजे नारळ नसता तरी चाललं असतं," रंभा हळूच म्हणाली. एकेक शब्द ती चाचपून पाहत होती. "थांबाले पायजे होतं फक्त."

"हव."

"त्यायले थांबाले काय झालं होतं मंग?"

आठ दिवस गोविंदा याच प्रश्नापासून तोंड लपवत होता. विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून निभत होतं. त्याने समोरच्या वळणावरून नजर काढली नाही.

"दादा थांबत होता. पाय ब्रेकवर ठेवलाच होता त्यानं. मीच म्हणलो, देवापुढं रिकाम्या हातानं काऊन थांबतं, चाल."

रंभाने पदर सरळ केला आणि मांडीवरचं गाठोडं खाली पायाशी ठेवलं.

"गाडी फिरवा," ती म्हणाली. "हे मले एकटीले नोका सांगू. घरी चाला. मले तुमच्या बाजूले बसवा आन् तुमच्या मायसमोर सांगा."

उतारावर गाडी फिरत नाही. खालपर्यंत जावंच लागतं, आणि त्या गिअरमध्ये खाली जायला खूप वेळ लागतो. मायला आता एकच मुलगा उरला होता. हे ऐकल्यावर तो तरी तिच्यासाठी उरेल का, याचा विचार गोविंदा करत होता, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला भीती वाटत होती.

पायथ्याशी कुरखेड्याचा रस्ता सरळ पुढे गेला होता. गोविंदाने ट्रक उभा केला, बाहेर डोकं काढून मागे पाहिलं, आणि गाडी फिरवली.