नऊ इंच

१९९६ साली लिंबायतमधल्या एका नव्या इमारतीवर पाच जण प्लंबिंगची उमेदवारी करत होते. त्यांत छाया एकटीच मुलगी. नकाशाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा पाइप गटाराच्या पाइपपासून तीन फूट लांब हवा होता. छायाने चरात उतरून टेप लावला. अंतर नऊ इंच भरलं. तिने तेच तक्त्यात लिहिलं.

"तीन फूट लिही," सुपरवायझर जयंतीभाई म्हणाले. "बाकी चौघांनी लिहिलंय."

"गटार गळलं तर इथल्या लेकरांना कावीळ होईल, जयंतीभाई."

"तुझ्या उमेदवारीच्या दाखल्यावर माझी सही लागते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. नका करू सही. पण मोजलेलं मी बदलणार नाही."

जयंतीभाईंनी तिच्या हातातला टेप घेऊन त्या चौघांतल्या धर्मेंद्रला दिला. "तू मोज. दाखव हिला किती आहे ते."

धर्मेंद्र खाली उतरला. त्याने एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं. "नऊ इंच," तो वर न बघता म्हणाला. खिशातून आपला तक्ता काढून त्याने त्यातले तीन फूट खोडले.

काठावर उभ्या असलेल्या तिघांनीही आपापली पेनं काढली.