सोसणारी वस्ती

कंट्रोल रूमच्या मोठ्या पडद्यावर विजेची मागणी चढत होती, आणि ऑपरेटरच्या ताईची वस्ती कपातीच्या यादीत तिसरी होती.

दोन वस्त्या बंद केल्या की आजचं भागणार होतं. तरी ऑपरेटरने ताईला फोन लावला. भावोजी ऑक्सिजनच्या मशीनवर होते. मशीनची बॅटरी पंधरा मिनिटं टिकायची, कपात तासाभराची.

"ताई, आज लोड फार आहे. तुमच्याकडची वीज जाईलच असं नाही, पण..."

"पण म्हणजे काय? तिथे बसून माश्या मारतोस का?" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "बरं, आम्ही कमी केली तर राहील ना? करतो आम्ही कमी."

"अगं, तसं नसतं..."

तिने फोन ठेवलासुद्धा.

पूर्वी कपात पाळीपाळीने व्हायची. कंपनीवाले आपल्या माणसांना सांभाळतात म्हणून ओरड झाली, आणि या उन्हाळ्यापासून नियामक आयोगाने ठरवून दिलं: यादी माणसाने लावायची नाही, संगणक लावेल. जी वस्ती वापर कमी करून दाखवेल ती सोसू शकते. जी सोसू शकते तिला आधी तोडा. असला नियम एसीच्या गारव्यातच सुचतो. चौकातला मॉल सगळे दिवे लावून, रिकामे सरकते जिने फिरवत बसला होता. एक दिवा विझवत नव्हता, म्हणून यादीच्या तळाशी सुखात होता.

थोड्या वेळाने ताईच्या वस्तीच्या वापराचा आकडा हलला. खाली. आधी जरासा, मग भसाभस. कूलर गेले असणार. पाण्याचा पंप गेला. यादीतलं तिसरं नाव दुसरं झालं.

ऑपरेटर उठून शिफ्टच्या इंजिनिअरसमोर उभा राहिला. "साहेब, ही वस्ती आपणहून कमी करतेय. तिला वगळा ना."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. "वा. असे लोक सगळीकडे पाहिजेत."

"माझे भावोजी आहेत तिथे. ऑक्सिजनवर."

साहेब त्याच्याकडे वळले. माणूस वाईट नव्हता. "यादीला हात लावायचा अधिकार मला नाही रे. आणि आपण नाही तोडलं तरी ते आपोआप तुटतं. आयोगाकडे दाद माग. सुनावणी पावसाळ्यानंतर आहे."

"तोवर?"

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

ऑपरेटर खुर्चीत येऊन पुन्हा पुन्हा फोन लावत राहिला. घंटी वाजत होती, कोणी उचलत नव्हतं. आकडा उतरतच होता. वस्ती पहिल्या नंबरावर गेली आणि तिच्यापुढे हिरव्या अक्षरांत उमटलं: उत्तम प्रतिसाद.

अखेर फोन उचलला गेला. भावोजी होते.

"भावोजी, ताईला द्या. तिला म्हणावं सगळं लाव. कूलर, पंप, इस्त्री, घरोघरी असेल नसेल ते सगळं. आत्ता."

"लाव?" भावोजी हसायला गेले आणि दमले. पाठीमागे मशीन घरघरत होतं. "थट्टा करतोस होय. ती कुठली घरात... फोन इथेच टाकून पळालीय. दारोदार फिरतेय, समोरच्या इमारतीत."

"भावोजी, ऐका माझं, तिला थांबवा."

"मी थांबवू? मला दारापर्यंत जाववत नाही." ते श्वास घ्यायला थांबले. "तू जिवाला लावून घेऊ नकोस. तिचं सगळे ऐकतात. आमचा पंखासुद्धा बंद केलाय तिने."