पहिला घास

भगताने चाखल्याशिवाय पाड्यावर कुणी अळंबी खात नसे. यंदाही रूपजीभगताने पहिला घास तोंडात टाकला आणि खूण केली, खा.

गेली दहा वर्षं शहराचा मैलागाळ जंगलात पसरत होता. त्या खतावर साग सहा वर्षांतच तोडणीला यायचा. "झाडं पोसतो, तो गाळ आपल्याला काय करणार?" असं भगतच सांगायचा.

सोनकीला मूल नव्हतं. आज लोक अळंबी खात असतानाच आरोग्यसेविका आली आणि तिच्या बोटयंत्राने सोनकीच्या रक्तात गर्भनिरोधक औषध दाखवलं. शहरातल्या गोळ्यांचं, गाळातून अळंबीत उतरलेलं. पाड्यावरच्या सगळ्यांच्या रक्तात तेच निघालं.

सोनकीने यंत्र भगताच्या बोटाला लावलं. शून्य.

"बाबा, दरसाल पहिला घास तूच खातोस ना?"

भगताला बोलता येईना. अळंबी अजून त्याच्या गालातच होती.