अण्णांचं फाटक

जालना सोडलं आणि धुक्यात रूळही दिसेनात. इंजिनातल्या यंत्रावर पुढच्या खुणेचं अंतर दिसू लागलं: फाटक, दोन हजार मीटर. तिथं अण्णा, माझे वडील, गेटमन होते. मी गाडी घेऊन येणार असले की इस्त्रीचा सदरा घालून उभे राहायचे. दिवाळीत ते वारले. पाठोपाठ फाटक काढून भुयारी रस्ता झाला. यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. “मॅडम, हे तर अण्णांना अजून ड्यूटीवरच समजून राह्यलं,” सहायक इजहार म्हणाला. “राहू द्यायचं का?” “नको,” मी म्हणाले. “एक खोटं फाटक दिसलं, की उद्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. परतूर स्टेशन आलं की यंत्रातून काढायला सांग.” हजार मीटर उरले तेव्हा मी लांब शिट्टी दिली. गेटमनला दाखवायचा हिरवा झेंडा इजहारनं उचलला आणि ती जागा ओलांडेपर्यंत खिडकीबाहेर धरला.