दाराकडे वळलेले बूट

"हे बूट कुणाचे गं?" कुरामोचींनी काठीच्या टोकाने दाखवलं. "चवडे घराकडे. जसा आत आला तसाच काढून मोकळा झालाय गडी. काही शिस्त?"

"असू द्या हो, साहेब," तोमोए म्हणाली. गुडघे टेकून तिने कुरामोचींचे बूट तेवढे दाराकडे वळवून ठेवले. क्योतोत पाहुण्याचे बूट असे वळवतातच, म्हणजे निघताना पाय घातला की झालं.

कुरामोचींच्या नजरेतून असलं काही सुटत नसे. उभी हयात सरकारी वकिलीत गेली आणि एकही खटला हरले नाहीत. हे ते पहिल्या भेटीत सांगत आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगत. निवृत्तीनंतर ऐकणारी माणसं मात्र कमी झाली होती. त्यामुळे तोमोएच्या घरातून चालणाऱ्या त्या चिमुकल्या गेम कंपनीने 'कायदेशीर सल्लागार व्हाल का?' असं विचारलं, तेव्हा त्यांनी नको नको म्हणत लगेच होकार दिला.

गेम कोर्टाचा होता. खेळणाऱ्याने बचावाचा वकील व्हायचं. पडद्यावर साक्षीदार बोलत राहतो, त्याला खोदून खोदून विचारायचं, आणि त्याचं खोटं सापडलं की नेमका पुरावा त्याच्या पुढ्यात आपटायचा. मग स्पीकरमधून आरोळी येते, "हरकत आहे!"

"खऱ्या कोर्टात असं कुणी बोंबलत नाही, पोरी," कुरामोची पहिल्या दिवशी म्हणाले होते. "तिथे जांभया दाबत कागद वाचतात." पण दुसऱ्या खटल्यापर्यंत त्यांचा चहा निवायला लागला होता. खोटारड्याचा चेहरा उतरताना बघण्यासारखं सुख नाही, आणि निवृत्तीनंतर ते सुख त्यांना इथेच परत मिळालं होतं.

आज शेवटचा खटला. तोमोएने कित्येक वर्षं घासून पुसून लिहिलेला. पण तिच्या भागीदारांनी बजावलं होतं की साहेब म्हणाले यातला पुरावा टिकत नाही, तर खटला गेममधून काढायचा. तोमोएने खटला पडद्यावर लावला.

एक वाकलेला म्हातारा चहा ठेवून गेला. कुरामोचींनी मान वर केली नाही.

पडद्यावर अंथरुणाला खिळलेला उदबत्तीचा एक व्यापारी मेला होता. आरोपी होता चटया दुरुस्त करणारा कारागीर. तो म्हणत होता, "मी हाक मारली, कुणी ओ दिली नाही, म्हणून आत गेलो. मालक मेलेले दिसले. तसाच मोज्यांवर ओरडत रस्त्यावर धावलो." व्यापाऱ्याचा भाचा म्हणत होता, "मी त्या दिवशी घरी फिरकलोच नाही."

"कुठली केस उचललीस ही?"

"गावं आणि धंदे बदललेत, साहेब. बाकी घरातच सुचलं."

कुरामोचींनी एकेक पुरावा उघडून पाहिला. दारातल्या फोटोवर थांबले. कारागिराचे बूट व्यवस्थित दाराकडे वळवलेले होते. त्यांनी शेजाऱ्यांची साक्ष पुन्हा काढली. कारागीर जन्मात कधी बूट वळवत नाही, सगळी गल्ली त्यावरून त्याला हसते. मग भाच्याचा धंदा पाहिला. एका पांथशाळेत पाहुण्यांची उठबस करायचा.

कुरामोचींचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

"सापडला! अगं, ज्याने वळवले नाहीत त्याचे बूट वळले कसे? अंथरुणावरचा माणूस तर उठू शकत नाही. म्हणजे घरात तिसरा होता. भाचा! कारागीर आत गेला तसा हा लपलेला बाहेर सटकला. आणि दारात बूट दिसले, तर सवयीने हात गेला. दिवसभर पाहुण्यांचे बूट वळवणारा तो!"

"टिकेल का पुरावा?" तोमोएने विचारलं.

"टिकेल का? मी समोर असतो तरी हरलो असतो! आणि हा फोटो फायलीत असून ज्याला दिसला नाही, तो कसला सरकारी वकील? त्याने सरळ भाजी विकावी."

तोमोएने माइक पुढे सरकवला. "मग आरोळी तुमच्याच आवाजात घेऊ. गेममध्ये नाव झळकेल तुमचं."

कुरामोचींनी घसा खाकरला, कोट सारखा केला आणि उभे राहिले.

"हरकत आहे! हा माणूस निर्दोष आहे. त्याला दोषी ठरवणाऱ्याने त्याच्यासमोर मान खाली घालावी!"

खिडकीची काच थरथरली. दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने ट्रे खाली ठेवला आणि कमरेत वाकून नमस्कार केला. बराच वेळ तो सरळ झाला नाही. कुरामोचींनी अभिमानाने मान डोलावली. आवाजात अजून जोर होता तर!

निघताना ते खुशीत होते. दाराशी त्यांनी आपल्या बुटांत पाय घातले, काठी घेतली आणि शेजारचे ते चवडे घराकडे असलेले झिजके बूट पुन्हा दिसले. आज मन मोठं झालं होतं. ते वळवायला ते स्वतःच खाली वाकले.

"राहू द्या, साहेब," तोमोए हळूच म्हणाली. "बाबा कधीच वळवत नाहीत. त्यांच्या खटल्यात, कोर्टात ते हेच सांगायला उठले होते, तुम्ही त्यांना खाली बसवलंत."