पिवळा ठिपका

जुन्या टर्बो गाडीच्या बॉनेटखालून पेट्रोलचा वास येत होता. मुलीने इंजिनात पेट्रोल सोडणारे इंजेक्टर उपसले आणि त्यांच्यावरची रबरी सील बापाच्या तळहातावर ठेवली. चारही सील कडेला कापलेली होती.

बापाने चष्मा कपाळावर चढवून ती पाहिली. "कोरडीच दाबलीत. तेलाचं बोट लावायची सवड नव्हती का त्या गाढवाला? अशाने गाडी पेट घेते एखाद्या दिवशी. कुठल्या गॅरेजचं काम आहे, विचार मालकाला."

मुलीने इंजेक्टरचे बोल्ट उचलले. तिने नुकत्याच काढलेल्या दोन्ही बोल्टांवर पिवळा ठिपका होता. स्वतः आवळलेल्या बोल्टावर ठिपका दिल्याशिवाय बाप बॉनेट लावत नसे, आणि ती खूण पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाची नव्हती. तिने दोन्ही बोल्ट रंग उतरवणाऱ्या थिनरच्या फडक्यात घेऊन घासून पुसले.

"असेल कुणी नवशिका, बाबा."

"असेल."

तिने नव्या सीलना तेलाचं बोट लावलं, इंजेक्टर बसवले, बोल्ट आवळले आणि गाडी चालू करून हुंगून पाहिलं. पेट्रोलचा वास गेला होता. ती बॉनेट लावणार, तेवढ्यात बाप स्टुलावरून उठला आणि खिशातली ठिपक्याच्या पिवळ्या रंगाची बाटली त्याने तिच्या हातात ठेवली.

"थिनरचा वास मला अजून कळतो," तो म्हणाला. "ठिपका आता तू देत जा."